बोलण्यालाही व्याकरण असतं : जर्मन शिकवणाऱ्या नव्या शिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही पाहता येईल. तुम्ही नाशिकहून जर्मनच्या ए1 आणि ए2 च्या, म्हणजे सुरुवातीच्या दोन पायऱ्यांच्या, लहान ऑनलाइन बॅचेस घेता. पुस्तक प्रामाणिकपणे पूर्ण करता, मुलं परीक्षा पासही होतात. पण जर्मनीला गेलेल्या एका विद्यार्थिनीचा पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मॅडम, बेकरीतली बाई काय बोलली ते मला एक अक्षर कळलं नाही." तेव्हापासून तुम्हाला वाटतंय की पुस्तक बाजूला ठेवावं आणि पहिल्या दिवसापासून बोलीभाषाच शिकवावी. मग व्याकरण कच्चं राहील ही भीतीही आहेच. म्हणून तुम्ही विचारलंय, की बोलणं आधी की व्याकरण आधी?

मी पुण्यात तेवीस वर्षं जर्मन शिकवते आहे, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं हाच प्रश्न मी याच शब्दांत स्वतःला विचारत होते. अशा शब्दांत विचारला की त्याचं उत्तर सापडत नाही. कारण त्यात आपण धरून चालतो, की व्याकरण असतं ते लिहिलेल्या भाषेला, आणि बोलणं म्हणजे तीच भाषा जरा सैल करून, थोडी मोडतोड करून वापरलेली. तसं नसतं. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा जी जर्मन तयार होते तिला स्वतःचे नियम आहेत, आणि ते लिखित जर्मनइतकेच पक्के आहेत. तेव्हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे : कुठल्या जर्मनचं व्याकरण आधी शिकवायचं, आणि ते शिकवताना वर्ग कसा चालवायचा?

याचं उत्तर समोर कोण बसलंय यावर ठरतं. पुण्यात संस्कृतचे अभ्यासक जर्मन शिकायला येतात, कारण त्यांच्या विषयातलं एकोणिसाव्या शतकापासूनचं कितीतरी मूलभूत संशोधन जर्मनमध्ये आहे. त्यांना बेकरीशी काही देणंघेणं नाही. त्यांना लांबलचक वाक्यातलं क्रियापद शोधता आलं पाहिजे, आणि त्यांच्यासाठी जुनी व्याकरण-भाषांतर पद्धत आजही उत्तम आहे. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचं म्हणून ए1 करणारे लोक वेगळे. जोडीदाराच्या व्हिसासाठी ही अट 2007 पासून आहे. त्यांना उतरल्या दिवसापासून दुकान, दवाखाना, शेजारी यांच्याशी बोलायचं असतं. नर्सिंगच्या मुलींना साधारण बी2, म्हणजे त्याहून बरीच वरची पायरी, लागते आणि त्यांचं बोलणं तर कामाचाच भाग असतं. तुमच्या बॅचेसमध्ये या दोन प्रकारचेच लोक जास्त असावेत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पुढचं सगळं मी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

आता त्या बेकरीत जाऊ. तुमच्या विद्यार्थिनीने "मला दोन ब्र्योटशन (छोटे पाव) हवेत" हे पूर्ण वाक्य अगदी बरोबर म्हटलं असणार. ती अडली ती पुढच्या वाक्याला. बाई म्हणाली असेल, "झॉन्स्ट नॉख वास?" किंवा "डार्फ्स नॉख वास झाइन?" म्हणजे "अजून काही?" मग "त्सुम मिटनेमन?", घेऊन जाणार का? मग पैसे देताना "कार्ट ओडर बार?" आणि शेवटी "ब्राउखन झी डेन बॉन?", पावती हवी का? (2020 पासून तिकडे इलेक्ट्रॉनिक गल्ल्यावरच्या प्रत्येक खरेदीची पावती द्यावीच लागते, त्यामुळे हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येतं.) यातल्या निम्म्या वाक्यांना कर्ता नाही, क्रियापद नाही. आपल्याकडे वाणी "अजून?" एवढंच विचारतो, तसंच. तुमच्या विद्यार्थिनीला वाक्यं येत होती. तिला वाक्यांच्या मधली देवघेव येत नव्हती. आपण तिला अर्धाच संवाद शिकवला होता, तिच्या बाजूचा.

इथूनच माझी पद्धत बदलली. पाठाचं सर्वांत लहान एकक मी वाक्य धरत नाही, एक जोडी धरते. प्रश्न आणि त्याचं उत्तर, आमंत्रण आणि त्याला होकार किंवा नकार, तक्रार आणि त्यावरची दिलगिरी. व्याकरणाचा मुद्दा कुठलाही असो, तो मी एखाद्या जोडीतच आणते. द्वितीया विभक्ती शिकवायची तर "मला एक पेन दिसतो" असल्या वाक्यात शिकवत नाही. "पेन आहे का तुझ्याकडे?" "नाही, पण पेन्सिल आहे." या जोडीत शिकवते. विभक्ती तीच, तक्ता तोच. फरक एवढाच, की ती विभक्ती मुलांच्या कानात दुसऱ्याच्या आवाजासकट बसते.

हा विचार माझा नाही, फार जुना आहे. 1882 मध्ये विल्हेल्म फिएटर या जर्मन भाषाशिक्षकाने टोपणनावाने एक पत्रक काढलं. भाषाशिक्षणाने आता मागे वळलं पाहिजे, असा त्याच्या नावाचाच अर्थ होता. ग्रीक-लॅटिन शिकवायच्या पद्धतीने जिवंत भाषा शिकवू नका, आवाजापासून सुरुवात करा, हे त्याचं म्हणणं. त्याच सुमारास अमेरिकेत बर्लिट्झच्या शाळांनी मातृभाषा वर्गाबाहेर ठेवून थेट परभाषेत शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला झटपट बोलणारी माणसं हवी होती, त्यातून पुढे वाक्यांचा घोकून सराव आणि भाषा-प्रयोगशाळा आल्या. 1975 मध्ये युरोप परिषदेने इंग्रजीसाठी एक वेगळीच यादी काढली. माणसाला परक्या भाषेत तग धरायला काय काय करता आलं पाहिजे, म्हणजे विनंती, नकार, मत, माफी, हे त्या यादीत होतं. जर्मनसाठी तशीच यादी 1980 मध्ये झाली. आज आपण ज्या ए1, बी2 च्या पायऱ्या म्हणतो त्या 2001 च्या, आणि त्या याच वाटेने आल्या आहेत. दरवेळी पद्धत बदलली ती कोणीतरी लोकांच्या बोलण्याकडे नव्याने कान दिला म्हणून.

यातला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो फ्रेंचचा आहे. 1950 च्या दशकात फ्रान्समध्ये परकीयांना शिकवायची मूलभूत फ्रेंच ठरवायची होती. जॉर्ज गुगेनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तकांतले शब्द मोजण्याऐवजी माणसांचं बोलणं टेपवर घेतलं आणि त्यातले जवळपास तीन लाख शब्द मोजले. कुठले शब्द सर्वांत जास्त येतात ते त्यातून कळलं. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. काट्याचमच्यातला काटा हा शब्द प्रत्येक फ्रेंच मुलाला माहीत असतो, पण बोलण्यात तो फारच क्वचित येतो. जेवायला बसल्याशिवाय काट्याचं नाव कोण घेणार? मग त्यांनी दुसरी पाहणी केली. शाळकरी मुलांना स्वयंपाकघर, कपडे, शरीर, गाव असे सोळा विषय दिले आणि प्रत्येकी वीस शब्द लिहायला सांगितले. बोलण्यात सतत येणारे शब्द आणि वेळ आल्यावर लागणारे शब्द असे दोन वेगळे साठे असतात हे त्यातून पुढे आलं.

याचा उपयोग मी रोज करते. पहिल्या साठ्यातले शब्द, म्हणजे छोटी क्रियापदं, अव्ययं, "तिकडे", "आत्ता", "अजून", "परत", हे प्रत्येक तासाला फिरून फिरून आले पाहिजेत. दुसऱ्या साठ्यातले, म्हणजे फळं, फर्निचर, अवयव, हे प्रसंगाबरोबर यावेत आणि प्रसंग संपला की थोडे विसरले तरी चालेल. नवे शिक्षक नेमकं उलटं करतात. फळांच्या पंचवीस नावांची परीक्षा घेतात आणि "नॉख" (अजून) हा शब्द कधी समजावूनच सांगत नाहीत. "नॉख" कळला असता तर बेकरीतलं अर्धं काम झालं असतं.

आता व्याकरणाच्या क्रमाबद्दल. मी शिकले तेव्हा क्रियापदाची तीन रूपं पाढ्यासारखी म्हणवून घ्यायचे : गेएन (जाणे), गिंग, गेगांगन. साहजिकच भूतकाळासाठी मधलं रूप आधी तोंडात बसलं. पहिल्यांदा जर्मनीत गेले तेव्हा ज्यांच्याकडे राहत होते त्यांना रात्रीच्या जेवणाला मी माझा दिवस सांगत होते, सगळा त्या मधल्या रूपात. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने आईला विचारलं, "ही गोष्ट सांगतेय का?" ते रूप तिने फक्त झोपताना वाचून दाखवलेल्या गोष्टींमध्ये ऐकलं होतं. मी एकही चूक केली नव्हती. तरीही मी जे बोलत होते ते त्या टेबलावरचं बोलणं नव्हतं.

बोलताना जर्मन माणूस भूतकाळासाठी बहुतेक वेळा "इश हाब गेगेसन" (मी जेवले) अशी दोन क्रियापदांची जोडरचना वापरतो, आणि दक्षिणेत तर साधा भूतकाळ बोलण्यातून जवळजवळ गेलेलाच आहे. अपवाद थोडे : "वार" (होतो, होतं), "हाटे" (जवळ होतं) आणि "शकणे", "लागणे" या अर्थाची सहायक क्रियापदं. ही मात्र बोलतानाही साध्या भूतकाळातच येतात. म्हणून क्रम असा : आधी जोडरचना, तिच्याबरोबर "वार" आणि "हाटे", मग ती सहायक क्रियापदं, आणि बाकीचा साधा भूतकाळ वाचायला शिकवताना. आजची बरीचशी पुस्तकं हाच क्रम पाळतात. पण तो का पाळतात हे शिक्षकाला माहीत नसेल, तर एखादा हुशार मुलगा "तीन रूपांचा तक्ता द्या ना" म्हणाला की आपण तो देऊन मोकळे होतो.

दुसरी गोष्ट आपल्या शाळांमधून आपल्यात मुरलेली आहे : "पूर्ण वाक्यात उत्तर दे." तुमच्या वर्गात कोणी "वोहेर कॉम्स्ट डू?" असं विचारलं, तर "आउस नाशिक" हे बरोबर उत्तर आहे. "इश कॉम आउस नाशिक" हेही बरोबर आहे, पण प्रत्येक प्रश्नाला असं पूर्ण उत्तर देणारा माणूस तिकडे चौकशीला बसल्यासारखा वाटतो. मराठीत "कुठून आलात?" याला "मी नाशिकहून आलो आहे" असं कोण म्हणतं? "नाशिकहून." झालं. इतकंच नाही, तर बोलताना जर्मनमध्ये पहिला शब्द गाळून क्रियापदानेच सुरुवात करतात : "वाइस इश निश्त" (माहीत नाही), "माख इश" (करते मी). पुस्तकी नियमाने विधानात क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं. इथे ते पहिलं दिसतं, कारण पहिली जागा मोकळी सोडलेली आहे. समोरच्याने आत्ताच जे म्हटलं तेच त्या जागेवर मनात धरलेलं असतं. नियम मोडलेला नाही. तो दोघांत मिळून पाळलेला आहे. हे मी मुलांना फळ्यावर रिकामी चौकट काढून दाखवते आणि त्यांना ते लगेच कळतं.

मग पूर्ण वाक्य कधीच नको का? हवं. शब्दक्रम पक्का करायला त्याच्याशिवाय दुसरा उपाय नाही. फक्त तेव्हा मी सांगून करते : "आता दहा मिनिटं आपण वाक्यं बांधतोय." आणि नंतर : "आता बोलतोय." या दोन कामांची सरमिसळ झाली की मूल दोन्हीकडे अडखळतं.

आता ऐकण्याबद्दल, कारण तुमच्या विद्यार्थिनीची अडचण मुळात कानाची होती. यासाठी माझा एक सराव आहे आणि तो तुम्ही उद्याच करू शकता. दहा-पंधरा सेकंदांचं खरं बोलणं घ्या. मुलांना सांगा, की जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहा. रोमनमध्ये नाही. रोमन लिपीत लिहायला बसलं की मुलं पुस्तकातलं स्पेलिंग आठवायला लागतात आणि कान बंद होतो. देवनागरीत आपण ऐकू येतं तसंच लिहितो. गेल्या महिन्यात माझ्या ए2 च्या वर्गात एक वाक्य होतं. अकरापैकी आठ जणांनी लिहिलं, "हास्ते माल नेन श्टिफ्ट." मी म्हटलं, शंभर टक्के बरोबर. मग त्याच्याखाली पुस्तकातलं रूप लिहिलं : "हास्ट डू माल आइनन श्टिफ्ट?", म्हणजे "पेन आहे का गं जरा?" वर्गात शांतता पसरली. मागच्या बाकावरच्या मुलीने दोन्ही ओळींवर बोट ठेवून हळूहळू जुळवलं : "हास्ट डू"चं "हास्ते" झालं, "आइनन"चं "नेन" झालं. मग ती म्हणाली, "मॅम, म्हणजे मला जे कळत नव्हतं ते मला येतच होतं."

हे तिला तिचं तिला कळलं, म्हणून टिकेल. त्यानंतर आम्ही झिजलेल्या रूपांची एक वही सुरू केली. डावीकडे कानाने ऐकलेलं, उजवीकडे लिहिलेलं. "हाबन वीअर"चं "हाम वा", "निश्त"चं "निश" आणि दक्षिणेत "नेट". मुलांनी स्वतः असं बोलावं हा आग्रह मी धरत नाही. स्वच्छ, सावकाश जर्मन बोलणारा परदेशी माणूस सगळ्यांना आवडतो. बोलायला एक रूप, ओळखायला दोन, एवढंच मी ए2 पर्यंत मागते. खरं बोलणं कुठून आणायचं? मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेचा "फोक" नावाचा बोलण्याचा ध्वनिसंग्रह आहे. स्वयंपाकघरातल्या गप्पांपासून ड्रायव्हिंगच्या शिकवणीपर्यंतची ध्वनिमुद्रणं त्यात लेखी उताऱ्यांसह आहेत आणि शिक्षकांना नोंदणी करून ती वापरता येतात. ए1 ला त्यातलं एखादंच वाक्य पुरतं.

आता ज्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते तो : मराठीचा उपयोग. वर्गात मातृभाषा बोलायचीच नाही, हा नियम बर्लिट्झच्या त्या थेट पद्धतीतून आला आणि आजही बऱ्याच ठिकाणी पाळतात. माझा अनुभव असा, की बोलण्यातली जर्मन शिकवायला मराठीसारखं दुसरं साधन नाही, आणि इंग्रजी त्यात बऱ्याचदा आड येते. कारण जर्मन बोलण्याचा जीव छोट्या छोट्या शब्दांत आहे : "डॉख", "माल", "या", "डेन", "हाल्ट". यांना इंग्रजीत सरळ शब्द नाहीत. त्यामुळे इंग्रजीतून समजावणारी पुस्तकं यांच्यावरून घाईने पुढे जातात. मराठीत मात्र आपण अशाच शब्दांवर जगतो. ना, की, तर, गं, रे, बरं, जरा, बघू.

लहान मुलीला "वी हाइस्ट डू?" विचारलं तर ते फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं. "वी हाइस्ट डू डेन?" म्हटलं की "नाव काय गं तुझं?" झालं. "माख डास फेन्स्टर त्सू" हा हुकूम आहे. मध्ये "माल" घातला की "खिडकी जरा लाव ना". दुकानात किंमत बघून "डास इस्ट या टॉयर!" म्हणजे "हे तर महागच आहे की!" आणि "डॉख" तर मला दरवेळी नव्याने आनंद देतो. "कॉम डॉख मिट!" म्हणजे "चल की आमच्याबरोबर!" आणि कोणी विचारलं, "तू येत नाहीस का?" तर एका शब्दात उत्तर, "डॉख!" म्हणजे "येतोय की!" इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे दोन "डॉख" वेगवेगळे पाठ करावे लागतात. मराठी मुलाला एकच "की" दोन्हीकडे दिसतो आणि काम होतं. सगळीकडे ही जुळणी इतकी नेमकी बसत नाही, हेही मुलांना सांगा. "डेन" या अर्थाने प्रश्नातच येतो, "गं" कुठेही येतो. पण भाव पकडायला सुरुवात इथून करावी.

सरावही मराठीतूनच सुरू करते. एक मराठी वाक्य देते, "ये", "ये ना", "ये की", "ये बघू", "ये बाबा". प्रत्येक कोण कोणाला कधी म्हणेल ते सांगायला लावते. सगळा वर्ग तावातावाने बोलायला लागतो, कारण ही त्यांची भाषा आहे. मग विचारते, आता यातला "ये की" जर्मनमध्ये कसा म्हणाल? तोपर्यंत त्यांना कळलेलं असतं, की आपण एक शब्द शोधत नाही, एक भाव शोधतोय.

असंच वेळेचं. स्टेशनवर "चौदा वाजून पंचेचाळीस मिनिटं" आणि घरी "पावणेतीन", हे आपल्या मुलांना मुळातच माहीत आहे. जर्मनमध्येही स्टेशनवर एक आणि घरी दुसरं. आणि पावणेतीन म्हणताना आपण जसं पुढच्या तासाकडे बघून बोलतो, तसंच जर्मन "हाल्ब ड्राय" पुढच्या तासाकडे बघून म्हणतो : तो तीनच्या वाटेवरचा अर्धा, म्हणजे अडीच. इंग्रजीच्या सवयीने मुलं तो साडेतीन समजतात आणि एक तास उशिरा पोचतात. दवाखान्याची वेळ घेताना हे महागात पडतं.

"वाइल"चं उदाहरणही देते, कारण तुम्ही त्याबद्दल खास विचारलंय. "कारण" या अर्थाच्या या शब्दानंतर क्रियापद शेवटी जातं, हा नियम. मग जर्मन लोक बोलताना ते मध्येच का ठेवतात? ते सगळीकडे तसं करत नाहीत. "वाइल" म्हणून जरा थांबतात आणि मग नवं विधान सुरू करतात, तेव्हाच. आपणही "येत नाहीये आज, कारण… कसं आहे, घरी पाहुणे आहेत" असं म्हणतोच की. तो थांबा ऐकवा. मुलांना ते ओळखता यावं, पण लिहिताना आणि परीक्षेत क्रियापद शेवटीच. या बाबतीत मी कडक आहे.

चुका कधी सुधारायच्या? वाक्यं बांधताना लगेच. बोलताना मधे तोडत नाही. मुलगी म्हणाली, "मी गेला सिनेमाला", तर मी "अरे वा, सिनेमाला गेलीस? कुठला बघितलास?" असं बरोबर रूपात विचारते आणि गप्पा पुढे नेते. चूक कागदावर टिपून ठेवते, शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहिते. आणि एक चूक अशी आहे जी आपण कधीच सुधारत नाही, कारण ती दिसत नाही : गप्प राहणं. आपण मराठीत फोनवर "हं… हं… बरं" करत असतो. तेच मूल जर्मन ऐकताना मान हलवून गप्प बसतं, आणि समोरच्याला वाटतं की हिला काही कळत नाहीये. म्हणून "गेनाउ" (बरोबर), "आख झो" (अच्छा, असं होय), "एश्ट?" (खरंच?) हे पहिल्या महिन्यातच तोंडात बसवा. त्यांच्याबरोबर अडल्यावरची वाक्यंही : "वी बिट्टे?" (काय म्हणालात?), "लांगझामर, बिट्टे" (जरा सावकाश), आणि सगळ्यात उपयोगी, ऐकलेलाच तुकडा प्रश्न करून परत म्हणणं : "उम हाल्ब ड्राय?" माझी एक जुनी विद्यार्थिनी बव्हेरियात नर्स आहे. तिथे "ब्र्योटशन" नाही, "झेमल" म्हणतात, आणि आजोबा-आजी तर पूर्ण बोलीतच बोलतात. ती म्हणते, पहिले सहा महिने मला नोकरीत टिकवलं ते या परत विचारण्याने. रुग्णाचं नीट न कळलेलं ती कधीच तसंच सोडत नसे.

परीक्षेची काळजी तुम्ही केलीत, ती योग्य आहे. पण ए1 ची तोंडी परीक्षा काय आहे बघा : स्वतःची ओळख, मग चिठ्ठीवरच्या शब्दावरून प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं, मग विनंती करणं आणि तिला प्रतिसाद देणं. बी1 ला दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो. म्हणजे परीक्षाही जोड्यांचीच आहे. बी1 च्या त्या बेतात माझी मुलं गुण गमावत ती व्याकरणामुळे नाही. दोघंही आपापली पाठ केलेली वाक्यं म्हणत आणि एकमेकांचं ऐकतच नसत. "हो, पण शनिवारी मला जमणार नाही, रविवारी चालेल का?" हे एक वाक्य नीट आलं तर तिथे खूप साधतं. लेखनासाठी मात्र वेगळा वेळ द्या. मित्राला पत्र आणि घरमालकाला पत्र यांतली भाषा वेगळी असते, आणि घरमालकाच्या पत्रात "माल" आणि "हाल्ट" शोभत नाहीत, हे त्यांना बोलण्याची सवय झाल्यावरच नीट समजतं.

तेव्हा पुस्तक टाकू नका. धडे तेच ठेवा. प्रत्येक धड्यातला संवाद घेऊन त्यात तीन गोष्टी स्वतः घाला : समोरच्याची बाजू, एखादा छोटा शब्द आणि एक अडथळा, म्हणजे एकाला नीट ऐकू आलं नाही किंवा वस्तू संपली आहे असं काहीतरी. पहिल्याच दिवशी सगळं करायचा प्रयत्न करू नका. एका बॅचमध्ये एका धड्यापासून करा आणि बेकरीच्या धड्यापासूनच करा. दुकानदार तुम्ही व्हा. पहिल्या फेरीत सावकाश बोला, दुसऱ्यात रोजच्या वेगात, तिसऱ्यात पाठ वळवून, पावासाठी हात लांब करत. आणि "झॉन्स्ट नॉख वास?" विचारून झालं की थांबा. मुलीला उत्तर सापडेपर्यंत पुढचं वाक्य बोलू नका, मदतीचा शब्दही देऊ नका. पंधरा सेकंद लागले तरी लागू देत. ती "नाइन, डास वार्स" (नाही, एवढंच) म्हणाली, की तिला पाव द्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवा.